रिकाम्या आकाशातला उंचवटा

अण्णा, संघप्रियाचे वडील, जाऊन सहा दिवस झाले, तरी तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. होटगीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये माणसं यायची, तिच्या आईच्या, भीमाबाईच्या, गळ्यात पडून रडायची. संघप्रिया त्यांना पाणी द्यायची.

रेल्वेच्या रुळांची देखभाल करणाऱ्या अण्णांच्या गँगमधले शिवलिंगप्पा आले. म्हणाले, "पोरी, तुज्या बापानं समद्या गँगला पेढं वाटलं व्हतं. लेकीनं नवं कायतरी शोधलं म्हनून."

"हो," ती म्हणाली.

सोलापुरात ती खगोलशास्त्रात पीएच.डी. करत होती. दूरच्या एका दीर्घिकेच्या मध्याशी प्रचंड कृष्णविवर होतं. तिथल्या अवरक्त प्रकाशाच्या वर्णपटात, म्हणजे त्या प्रकाशाच्या आलेखात, हायड्रोजनच्या रेषेशेजारी, तिला एक लहानसा उंचवटा सापडला होता. तिथून वायू वेगानं बाहेर फेकला जातोय, असा तिनं अर्थ लावला आणि सगळ्यांत आधी अण्णांना फोन केला.

माणसं गेल्यावर तिनं लॅपटॉप उघडला. या शोधावरच्या तिच्या लेखाच्या परीक्षकानं विचारलं होतं, आकाशाचा स्वतःचा प्रकाश नीट वजा केलाय का? तिनं दीर्घिकेपासून दूरच्या, रिकाम्या आकाशाचा वर्णपट काढला. उंचवटा तिथंही होता. त्याच जागी, तेवढाच.

तिनं दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवून पाहिले. वाईटसुद्धा वाटलं नाही. मग मार्गदर्शकांना फोन लावला.

"बिराजदार सर, तो वायू दीर्घिकेतला नाही. आपल्याच वातावरणाची चमक आहे."

"अगं, आत्ता कशाला हे? अण्णांचा जलदान विधी तरी होऊ दे."

"नको सर. लेखातला तो भाग आजच काढते."

भीमाबाई दारात उभी होती. "काय झालं गं?"

"अण्णांना सांगितलं ते चुकीचं निघालं."

"त्यांना कळलं न्हाई, बरं झालं."

"त्यांनी लोकांना सांगितलंय, आई."

"मग तू बी सांग की लोकान्ला."

जलदान विधीच्या दिवशी तिनं शिवलिंगप्पांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी टोपी काढून हातात धरली.

"म्हंजे तसलं काय न्हाईच तितं?"

"असेलही. मला दिसलं नाही."

"आसं व्हय." त्यांनी टोपी परत घातली. "तुजा बाप असता तर त्यानं हे बी गँगला सांगितलं असतं बग. लेकीनं चूक बी स्वताच काडली म्हनून."

पेढे वाटणारे अण्णा संघप्रियाच्या डोळ्यांसमोर आले. रडू मात्र आलं नाही. आतून कुणीतरी हाक मारली, तशी ती पंगतीत वाढायला गेली.