बाहुलीची पाठ

आमच्या शिवणकारखान्यात यंत्रं अशी धडधडायची की छपरावरची कबुतरंसुद्धा त्याच तालात मान हलवायची. खोटं वाटत असेल तर कबुतरांना विचारा. बायका आपली लहान पोरं बरोबर आणत आणि चिंध्यांच्या ढिगाशेजारी खेळायला सोडत. म्हणून मालकिणीने एकदा नर्सबाईंना बोलावलं. त्या भुसा भरलेली कापडी बाहुली घेऊन आल्या आणि पोराच्या घशात काही अडकलं तर काय करायचं, ते शिकवू लागल्या.

"मांडीवर पालथं घ्यायचं, डोकं खाली. दोन खांद्यांच्या मधे तळव्याने जोरात मारायचं. आणि वस्तू दिसत नसेल तर घशात बोट घालायचं नाही."

पहिली पाळी काजवालीची. ही शर्टांना काजं करायची आणि तोंडाचा पट्टा यंत्राहून जोरात चालवायची. तिने बाहुलीच्या पाठीवर हलकेच थोपटलं.

"अगं, झोपवतेस काय तिला? मार."

"मारू कशी, बाई? नाक अगदी माझ्या गोट्याच्या नाकासारखं आहे हो तिचं."

सगळ्या हसल्या, आणि सगळ्यांनी थोपटलंच. एकट्या कातरकाकूने, म्हणजे कापड कापणाऱ्या विधवेने, असा हात हाणला की बाहुलीतला भुसा पार छताला जाऊन चिकटला.

"पोटी पोर नाही ना, म्हणून हात उठतो," काजवाली कुजबुजली. ही कुजबुज रस्त्यापलीकडच्या लोकांनाही ऐकू गेली असेल. काकूने बाहुलीची उसवलेली शिवण टाचायला घेतली.

नर्सबाई सरावासाठी बाहुली ठेवून गेल्या. सराव काय झाला, तर चिंध्यांतून झबली शिवली, टोपडी शिवली. थोड्याच दिवसांत बाहुलीपाशी मालकिणीहून जास्त कपडे झाले. पाठीला मात्र कुणी हात लावला नाही.

मग काजवालीच्या गोट्याला ढिगात एक बटण सापडलं.

काजवालीचं लक्ष गेलं तेव्हा त्याचं तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता. ओठ जांभळे पडत होते. तिने बोट घातलं. बटण आणखी आत सरकलं. मग तिने त्याला मांडीवर पालथं घेतलं. नर्सबाईंचं बाकी सगळं तिला आठवत होतं. पण हात पाठीवर पडला तो थोपटतच.

धडधडाटात काकूला उशिराच कळलं. धावत येऊन तिने पोर ओढून घेतलं.

"मारू नका हो त्याला," काजवाली म्हणाली.

काकूने मारलं. मारत राहिली. बटण फरशीवर पडलं.

गोट्या जगला. दवाखान्यातून आला तो वेगळाच पोरगा. मेंदूला हवा उशिरा पोचली, डॉक्टर म्हणाले. नुकतेच फुटलेले दोनचार शब्द गेले, एक हात लुळा पडला.

बाहुलीच्या अंगावर आता कपडे नाहीत. जेवणाच्या सुट्टीत प्रत्येक आई तिला मांडीवर घेऊन मारते. काजवाली सगळ्यांत शेवटी. पाठ उसवते, काकू टाके घालते.

"पुरे गं आता, हात सुजलाय तुझा."

"फटका अजून नीट बसत नाही, काकू."

तिने बाहुली खाली ठेवली की गोट्या फरफटत बाहुलीजवळ जातो, आणि चालत्या हाताने तिची पाठ थोपटत बसतो. तेवढा वेळ कुणी यंत्र सुरू करत नाही.