शामरावांच्या आतली चरबी

मोठे भाऊ राजाराम हार्ट अटॅकने अचानक गेले, तेव्हा शामराव ढोके यांनी घरातल्या लठ्ठपणाविरुद्ध मोहीम उघडली. घरात लठ्ठ एकच होती, त्यांची बायको द्रौपदी. तिच्या पोळीवरचं तूप बंद झालं. तेलीबाग मोहल्ल्यातल्या घरातून तिला रोज छावणीच्या रस्त्यांवर चालायला नेण्यात येई. ती चालायची, शामराव शेजारून स्कूटरवर देखरेख करायचे. स्कूटर इतकी हळू चालवायला ताकद लागते, म्हणून परतताना दोन खस्ता कचोऱ्या खायचे.

शहाऐंशी साली तिला त्यांनी डॉक्टर रस्तोगींना दाखवलं. डॉक्टरांनी टेपने तिची कंबर मोजली. मग शामरावांचे काडीसारखे हात आणि पोटावरचं ताणलेलं बटण पाहून त्यांचीही मोजली. रक्तदाबही दोघांचा घेतला.

"भाभीजी ठीक हैं. फ़िक्र आपकी है."

"मेरी? डॉक्टरसाब, वज़न तो इनका ज़्यादा है!"

डॉक्टरांनी समजावलं. बायकांच्या हार्मोन्समुळे चरबी बहुधा कमरेखाली, कातडीलगत बसते. तिचा त्रास कमी. पुरुषांची पोटात शिरते, यकृताभोवती, आतड्यांभोवती. त्यात शामरावांची टेलिफोन एक्स्चेंजमधली नाइट ड्यूटी, अर्धवट झोप, काळजी, बसून काम. पाळी गेल्यावर भाभीजींचीही तिकडेच वळेल, तेव्हा त्यांनी चालणं सोडू नये.

"यानी जो दिखती है वो ठीक, जो नहीं दिखती वो ख़राब?"

"क़रीब क़रीब."

"तो हार्मोन की गोली दीजिए."

"गोली नहीं है. कम खाइए, चलिए, रात को सोइए."

शामराव बाहेर आले ते स्वतःच्या पोटाकडे परक्या सामानासारखं पाहत.

"द्रौपदी, दादाचं पोट कसं होतं गं?"

"असंच. हातपाय बारीक, पोट पुढं. तुम्हीच म्हणायचात, दादा कसा काटक!"

शामरावांनी पोट आत ओढून पाहिलं.

"अहो, आधी नाइट ड्यूटी बदलून घ्या," ती म्हणाली. ते वाद न घालता टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेले.

तिथल्या साहेबांनी अर्ज वाचून त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बीमार? यार, आप तो एकदम दुबले आदमी हैं. बीमारी है कहाँ?"

शामरावांनाही ते नीट माहीत नव्हतं. त्यांनी थोडा विचार केला आणि शर्ट वर केला.

"इसके अंदर, सर. दिखती नहीं."

साहेबांनी खुर्चीतून पुढे वाकून ते पोट पाहिलं. मग त्यांचा हात हळूच स्वतःच्या पट्ट्यावरून पुढे आलेल्या पोटावर गेला.

"बैठिए," ते म्हणाले. "डॉक्टर का पता क्या है?"

"और दिन की ड्यूटी, सर?"

"हाँ हाँ, कल से. पहले पता बताइए."