एकादशीची सुनावणी

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यातल्या शिंपी गल्लीत एकादशीला कापडाला कात्री लागत नाही. मंत्र्याचा कोट असो की नवरीचा ब्लाउज, त्या दिवशी सगळी मशिनं बंद. द्वादशीला पहिली कात्री चालते ती देवळातल्या विठोबाच्या वस्त्रासाठी, मग गिऱ्हाइकांची कापडं. गुंडूरावांनी पन्नास वर्षांत हा नेम एकदाही मोडला नव्हता.

राजकारण म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, असं त्यांचं पक्कं मत. पण नात अमूल्या कायदा शिकता शिकता पक्षाच्या युवा आघाडीत शिरली आणि तीन वर्षं राबली. आता दिल्लीच्या राष्ट्रीय युवा अधिवेशनाला म्हैसूरहून एकच नाव जायचं होतं. आघाडीचा शहराध्यक्ष हर्ष म्हणाला, "एकादशीला सकाळी नेत्यांची सभा आहे. पन्नास माणसं आण, नाव तुझं. तुमच्या गल्लीला सुट्टीच की!"

हे कळताच म्हातारा बदलला. नात दिल्लीला जाणार म्हटल्यावर मतं कोण धरून बसतो? गुंडूरावांनी दुकानोदुकानी फिरून माणसं ठरवली आणि तिच्या जाकिटासाठी उंची खादीही आणून ठेवली.

एकादशीला सकाळी देवळासमोर पन्नास शिंपी धुतल्या कपड्यांत उभे राहिले. बस मात्र नव्हती. अमूल्या आली ती हातात अर्जांचा गठ्ठा घेऊन.

"पक्षाची बस मी परत पाठवली, अज्जा. सभेला नाही, पालिकेच्या कचेरीत जायचंय. चालत."

"अय्यो, कशाला?"

"आपली गल्ली उठवून तिकडे शहराबाहेर हूटगळ्ळीला न्यायचं चाललंय. मला काल कळलं. दोन सुनावण्या झाल्या, दोन्ही कामाच्या दिवशी. मशीन सोडून कोण जाणार? कागदावर लिहिलंय, कुणाची हरकत नाही. आज अकराला शेवटची आहे, आणि आज सगळ्यांचे हात मोकळे आहेत."

गुंडूरावांचा चेहरा पडला. "आणि तुझी दिल्ली? सुनावणीला पाच जण पुरतील. बाकीचे सभेला जाऊ देत."

"पाच जणांना ते चहा पाजून परत पाठवतात, अज्जा."

तेवढ्यात हर्षचा फोन आला. तो इतका ओरडत होता की शेजारच्यालाही ऐकू यावं. यंदाच नव्हे, पुढेही नाव विसर, म्हणाला. "आयतु, ठीक आहे," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला.  गुंडूरावांना राग आला होता, पण कुणाचा ते त्यांनाच कळेना. त्यांनी टोपी नीट केली आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागले.

कचेरीत पन्नास माणसं बघून शिपायाची खुर्च्या आणता आणता दमछाक झाली. साहेबांनी विचारलं, "कुणाला बोलायचंय?" सगळे गप्प. आयुष्यभर तोंडात टाचण्या धरून काम केलेली माणसं ती! अमूल्याला बोलणं काही जड नव्हतं. पण ती अर्ज ठेवून मागे सरली.

"अज्जा, तुम्ही बोला. गल्ली तुमची आहे."

गुंडूराव उठले, चाचरले, आणि मग कन्नडात त्यांना वाचा फुटली. "स्वामी, लग्नाचं कापड इथल्या बाजारात घ्यायचं आणि ब्लाउजचं माप द्यायला हूटगळ्ळीला जायचं? कोणती बाई जाईल? सहा महिन्यांत आमची चूल विझेल. मग एकादशी काय नि द्वादशी काय, कात्री बंदच."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. पन्नास अर्जांवर पन्नास शिक्के पडले. निर्णय थांबला, आणि साहेब स्वतः गल्ली बघायला येणार असं ठरलं. संध्याकाळपर्यंत दिल्लीला दुसऱ्याचं नाव गेल्याचंही कळलं.

अमूल्या घरी आली तेव्हा गुंडूराव गळ्यात टेप अडकवून बसले होते. मांडीवर ती खादी.

"सरळ उभी राहा. माप घ्यायला एकादशी आड येत नाही."

"अज्जा, दिल्ली गेली की."

"दिल्लीसाठी कोण शिवतंय? साहेब गल्लीत येतील तेव्हा घाल." त्यांनी खांद्यावर टेप धरला. या पोरीचा त्यांना एवढा अभिमान वाटत होता की आकडा नीट दिसेना. दोनदा मोजावं लागलं. "उद्या पहिली कात्री ह्याच कापडाला."

"आणि विठोबाचं वस्त्र?"

"तो थांबेल. त्याला उभं राहायची सवय आहे."