तिरप्या बंधाचं चिन्ह

माझ्या वडिलांची, अप्पांची दुसरी वही पिशवीत घालून मी मुळशीला गेले. सोबत गोजराबाई. माले गावातल्या घरी अप्पांच्या शेवटच्या आजारपणात सगळं तिनंच केलं.

धरणाकाठच्या रिसॉर्टमधल्या भौतिकशास्त्राच्या परिषदेत निरंजन बोलत होता. अप्पांचा शेवटचा विद्यार्थी. अप्पा अंथरुणावर असताना तो भेटायला आला, मी चहा ठेवायला आत गेले आणि तेवढ्यात त्यानं पहिल्या वहीचे फोटो काढले. गोजराबाईनं पाहिलं, तिला वाटलं, आठवण म्हणून काढतोय. अप्पा गेल्यावर तीन महिन्यांनी त्याच वहीतल्या गणितावर त्याचा लेख आला. त्यात अप्पांचं नाव नव्हतं.

पडद्यावर अणूंची जाळी होती. काही पदार्थांतले अणूंचे चुंबक कितीही थंड केले तरी एका मांडणीत थिजत नाहीत. तिथं एक कण असा असतो की तो स्वतः दिसत नाही. दुसरा कण त्याच्याभोवती फिरवून आणला की त्या दुसऱ्याचं चिन्ह उलटतं, एवढीच त्याची खूण. अप्पा गेल्यानंतर मला हे समजायला जड गेलं नाही.

गणितासाठी त्या कणापासून जाळीच्या कडेपर्यंत रेघ ओढायची आणि ती अणूंमधले जे बंध छेदेल त्यांना उणे चिन्ह द्यायचं. रेघ कुठूनही ओढा, ऊर्जेचं उत्तर तेच यायला हवं. रेघ आपली असते, निसर्गाची नव्हे. पहिल्या वहीत अप्पा एका तिरप्या बंधाला उणे द्यायचं विसरले होते. दुसऱ्या वहीत त्यांनी रेघ डावीकडून ओढून पाहिली, चूक धरली, सुधारली आणि खाली लिहिलं : ‘निरंजनला लगेच कळवणे.’

त्याचा लेख आल्यापासून अकरा महिने मी कळवलं नाही.

“लई बोलतोय,” गोजराबाई कुजबुजली. “अप्पांचं नाव कवा घ्यायचा?”

“घेईल.”

प्रश्नांच्या वेळी मी उभी राहिले. “रेघ डावीकडून ओढली तर ऊर्जा तेवढीच येते?”

“अर्थात, ताई.” तो हसला.

“मग काढून दाखवा ना. आठच बंध आहेत.”

त्यानं फळ्यावर सुरुवात केली. सहाव्या बंधाशी हात मंदावला. पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “उत्तर बदललं की हो.”

निरंजननं पुसलं, पुन्हा मांडलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “मुळात ही सगळी मांडणी सरांची आहे. मी त्यांच्या वहीवर विसंबलो. चूक सरांची आहे.”

“घेतलं बया नाव!” गोजराबाई मोठ्यानं म्हणाली.

एवढ्यासाठीच मी थांबले होते. पुढे जाऊन दुसरी वही कॅमेऱ्याखाली ठेवली. अप्पांचं सुधारलेलं गणित तारखेसकट पडद्यावर आलं. निरंजन वाचत राहिला, मग खुर्चीत बसला. शेवटच्या ओळीवर मी तळहात दाबून धरला होता.

परतताना गोजराबाईनं विचारलं, “हाताखाली काय झाकलं व्हतंस गं?”

“अप्पांनी एक काम सांगितलं होतं. निरंजनला एक गोष्ट कळवायची होती.”

“मग? न्हाई कळवली?”

“कळवली की,” मी म्हणाले. “आत्ताच.”