नोंदींखालचा आवाज

त्या सकाळी विजेची लाइन आली, मोहगावच्या संत्राबागेत मोटार आपोआप सुरू झाली आणि ती चालू-बंद करणाऱ्या डब्यातून कोणी अनोळखी बाई बोलली, "मोटर चालू है." विनायक जागीच थांबला. त्याची बायको छाया वारून वर्ष होत आलं होतं, पण तिचा आवाज गेला तो आज.

आजवर या डब्यात तीच बोलत होती. पाणी संपलं की म्हणायची, "मोटार बंद झाली. आता जेवायला या." मग विनायक घरी जायचा. घरी चूल त्यालाच पेटवावी लागे, तरी जायचा.

त्याने तारा उपटल्या, डब्यातलं बोर्ड काढलं आणि मोटरसायकलवर पांढुर्ण्याला गजेंद्रच्या दुकानात गेला. हे डबे गजेंद्र बनवायचा. छाया सौंसरला शाळेत कंप्युटर शिकवायची आणि रविवारी इथे येऊन डब्याचा प्रोग्राम लिहायची. त्या दोघांचं बोलणं विनायकला कळत नसे. ती मात्र इथून खुशीत परतायची. "डब्यात माझा आवाज टाक," असं तो एकदा म्हणाला, तर म्हणाली, "तुमचा आवाज टाकला तं मोटार भिऊन बंद पडन."

"या ना विनायकभाऊ, चहा सांगू?"

"तिचा आवाज कुठी गेला?"

गजेंद्रने हातातला पेचकस खाली ठेवला. "काल सगळ्या डब्यायले नवा प्रोग्राम पाठवला, भाऊ. लोकायले मोटारीच्या जुन्या नोंदी पायजेत, अन् चिपमंदी जागा एवढीशी." त्याने बोर्डावरची तुरीच्या डाळीएवढी चिप दाखवली. "हिचे वावरासारखे तुकडे पाडा लागतेत. एकात प्रोग्राम, एकात आवाज, एकात नोंदी. म्या मधले बांध-धुरे सरकवले. मॅडमच्या आवाजाची जागा नोंदीकडे गेली."

"म्हणजे पुसला तू."

"नाही जी. धुरा सरकवला म्हणून पीक कापल्या जात नाही. आवाज तिथंच आहे. पण मोटार चालली का एक नोंद त्याच्यावर बसते. बरं झालं लवकर काढून आणलं."

"तुह्याजवळ नाही का दुसरा?"

"माहा जुना कंप्युटर वीज पडून जळला. नाही तं..." गजेंद्रने बोर्डावरची धूळ फुंकली. ते 'नाही तं' विनायकला काट्यासारखं रुतलं. नाही तर हा इथे बसून रोज ऐकत राहिला असता.

"अन् 'जेवायला या' तं फक्त तुमच्याच डब्यात होतं," गजेंद्र म्हणाला.

"तुले काय माहीत?"

"इथंच तं बोलल्या. दर वेळेस हसू यायचं त्याईले. पुन्हा म्हणायच्या, पुन्हा हसायच्या. ते हसणंही असन चिपमंदी, मागंपुढं."

ती ओळ आपली एकट्याची आहे, असं विनायक समजत होता. ती आधी या माणसाने ऐकली होती, आणि हसण्यासकट.

"न ऐकता काढता येते का?"

"कसं काढू, भाऊ? जुनी हद्द म्याच मोडली. मॅडम कुठून कुठवर बोलल्या ते कान लावल्याशिवाय समजन कसं?"

बोलता बोलता गजेंद्रचे डोळे भरून आले. ते पाहून विनायकचं डोकंच फिरलं. त्याच्या बायकोसाठी रडायचा हक्क याला कोणी दिला?

"ठेवून जा, भाऊ. उद्या काढून देतो."

"नाही." विनायकने बोर्ड उचललं. "माही बायको होती ते. तुही नाही."

"म्या कधी म्हटलं?" गजेंद्र हळूच बोलला. विनायकने मागे वळून पाहिलं नाही.

आता तो हाताने स्टार्टर दाबून संत्र्याला पाणी देतो. मोटार बंद झाली की कोणी काही म्हणत नाही. गजेंद्रचा फोन येतो, तो उचलत नाही. दुसऱ्या कोणाकडे बोर्ड न्यायचं, तर तोही ऐकणारच. बोर्ड स्वयंपाकघरात मेथीच्या रिकाम्या डब्यात ठेवलं आहे. छायाचा आवाज काढायचा राहिला आहे.