माझी मी बसले

मित्रांनो, मी एक जुनी, लोखंडी, घडीची खुर्ची आहे. माझी उजवी बिजागरी गंजली आहे, पाठीवर मांडववाल्याने रंगवलेला २१७ हा आकडा अजून दिसतो, आणि यातल्या कशाचीही मला लाज वाटत नाही.

भोसरीच्या एका शेडमध्ये मला वाकवलं, जोडलं, रंगवलं. मग कात्रजच्या एका मांडववाल्याकडे मी वीस वर्षं काढली. साखरपुडे, बारशी, सोसायटीच्या सभा! लोक टेकायचे आणि म्हणायचे, "दणकट आहे हो!" कार्यक्रम आटोपला की खाडकन मिटून टेम्पोत. पुढे प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मांडववाल्याने आम्हाला विकून टाकलं. संतोषने मला वारज्याला आपल्या फ्लॅटमध्ये आणलं. तिथे माझ्यावर कोण बसलं? कोणी नाही! माळ्यावरचे डबे काढायचे तर माझ्यावर चढायचं, ओले टॉवेल माझ्यावर टाकायचे. एरवी मी फ्रिजमागे, मिटलेली.

मला उघडतात, मला मिटतात. माझी मी काहीच करत नाही. तुम्ही म्हणाल, खुर्चीचं नशीबच ते. थांबा जरा.

त्या घरात कधीही न बसणारी आणखी एक होती. संतोषची बायको उत्कर्षा. ती एका कंपनीत डेटा एन्ट्री करते. कंपनीला मेक्सिकोचं काम मिळालं, आणि स्पॅनिशची पहिली परीक्षा जो पास होईल त्याला नव्या टीममध्ये जागा मिळणार होती. उत्कर्षाने लगेच क्लासला नाव घातलं.

"आता या वयात स्पॅनिश?" संतोष म्हणाला. "दे एकदा परीक्षा. नापास झालीस की विषय संपला."

वर हसला! मला असा संताप आला! पण खुर्ची काय करणार, कुरकुरणार. मी भरपूर कुरकुरले.

क्लास मोबाइलवर, दर शनिवारी सकाळी. मोबाइल मसाल्याच्या डब्याला टेकवलेला, वही माझ्यावर, आणि उत्कर्षा ओट्याशी उभी. म्हणजे घरात बसायची ती वही. शिकवणाऱ्या यास्मिन मॅडमनी एकदा 'मे' समजावला. "लेवान्तो म्हणजे मी उठवते, दुसऱ्या कुणाला तरी. मे लेवान्तो म्हणजे मी उठते. 'मे' म्हणजे 'माझी मी', एवढं लक्षात ठेवा." गृहपाठ दिला, माझा दिवस.

उत्कर्षाने खरं ते लिहिलं. मुलीला, तनयाला उठवते, तेही तीन हाका मारून. सासूबाईंना आंघोळ घालते, कपडे घालते, त्यांची वेणी घालते, त्यांना निजवते. सासूबाई म्हणजे दुर्गाबाई, पडल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या. मॅडमनी गृहपाठ तपासून मोबाइलवर परत पाठवला तेव्हा त्यात पाच लाल गोल होते. खाली शेरा, "'मे' कुठे गेला?" उत्कर्षाने ते गोल एकेक करून मोजले. तिचे डोळे भरून आले होते, मी पाहिलं.

परीक्षेच्या शनिवारी घाईघाईत तिने मला उघडलं आणि माझी बिजागरी अडकली ती अडकलीच.

"तुमचा दिवस सांगा," मॅडम म्हणाल्या. "निदान चार 'मे' हवेत."

उत्कर्षाने तीच पाच वाक्यं म्हटली. एकातही 'मे' नाही.

"अहो, पुन्हा तेच? पुस्तकातलं सांगा ना. मी शॉवर घेते, मी मेकअप करते, मी आराम करते. पास व्हाल."

"मॅडम, माझ्या दिवसात ते नाहीच आहे. व्याकरण नाही चुकलं माझं. आणि खोटं बोलून मला पास व्हायचं नाही."

"पण मग तुम्हाला 'मे' येतो, हे मला कळावं कसं?"

तेवढ्यात हॉलमधून संतोषची हाक आली. "उत्कर्षा, चहा!"

तिने माझ्याकडे पाहिलं. वही उचलून ओट्यावर ठेवली आणि चक्क बसली! "मे सिएन्तो," ती म्हणाली. माझी मी बसते. सासूबाईंच्या वेणीचा कंगवा हातातच होता, तो तिने स्वतःच्या केसांतून फिरवला. "मे पेइनो." माझे केस मी विंचरते.

"अगं, चहा!"

"मे केदो आकी." इथेच थांबते.

"ऐकू येत नाही का?"

"नो मे लेवान्तो!" ती ओरडली. मी उठत नाही!

संतोष स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "काय म्हणालीस?"

उत्तर आतल्या खोलीतून आलं. तीन महिने पडल्या पडल्या क्लास ऐकणाऱ्या, मूळच्या वाशिमच्या दुर्गाबाईंचं. "ते बसली हाय! तुले चहा पाहिजे तं तुझा तू ठेव नं!"

यास्मिन मॅडम खळखळून हसल्या. "चार झाले, पास! सासूबाईंना माझ्याकडून एक मार्क जादा." संतोषने मुकाट्याने पातेलं शोधलं. चहा फार गोड झाला होता म्हणे.

नंतर त्याने मला मिटायचा खूप प्रयत्न केला. "गंजलीय," म्हणाला. गंजलीय कसली! मला मिटायचं नाहीये. आता मी ओट्याशेजारी उघडीच असते, आणि नव्या टीममध्ये गेलेली उत्कर्षा संध्याकाळी घरी येऊन माझ्यावर बसते.

मित्रांनो, मला तेल द्या, रंग द्या, असं मी मुळीच मागणार नाही. तुमच्या घरातही एखादी खुर्ची ओले टॉवेल सांभाळत असेल आणि तिच्याशेजारी कुणीतरी उभी असेल. आधी ते टॉवेल उचला. आणि उद्या सकाळी तिला तीन हाका मारायला लावू नका. तुमचे तुम्ही उठा.