लाल बटणाचं मशीन

जुन्या मशीनचा कट वाकडा येतो, टेबल हलतं, पातं लहान पडतं, असं हरिश्चंद्र लोकांना सांगायचे. खोटं नव्हतं त्यात काही. पण नवं टेबल-सॉ घ्यायचं खरं कारण स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेलं असायचं आणि तांदूळ निवडत असायचं.

त्याचं असं झालं. बँकेतून व्हीआरएस घेतल्यावर त्यांनी शांती नगरातल्या आपल्या तळमजल्याच्या फ्लॅटमागची जागा पत्रे टाकून झाकली आणि तिथे सुतारकामाचा संसार मांडला. हातात धरून चालवायची विजेची करवत उलटी करून प्लायच्या टेबलाखाली ठोकली, तिचा खटका सुतळीने कायमचा आवळून टाकला, की झालं टेबल-सॉ! चालू-बंद करायचं ते स्वयंपाकघरातल्या बोर्डावरून. बटण दाबा, धावा, कापा, पुन्हा धावा. अशाच एका धावाधावीत डाव्या तर्जनीचं टोक गेलं, नखासकट.

दवाखान्यातून आल्या आल्या त्यांच्या बायकोने, गिरिजाबाईंनी, बोर्डाखाली स्टूल ठेवलं.

"आजपासून चालू मी करणार आणि बंदही मीच करणार. कबूल नसेल तर हा पसारा उद्याच भंगारवाल्याला देते."

वर्ष झालं त्याला. हरिश्चंद्रांनी 'हं' म्हणायचं की चालू, 'बंद' म्हणायचं की बंद. मशीन बंद व्हायचं हो, बाईंचं तोंड कुठलं व्हायला! "अहो, बोटं बघा." "अहो, चष्मा कुठंय?" "अहो, बास आता, भाजी लागतेय खाली." त्या दुपारी आडव्या झाल्या की मशीन आडवं. त्या हळदीकुंकवाला गेल्या की मशीनला सुट्टी. तेहतीस वर्षं मॅनेजरला विचारल्याशिवाय चहाला न उठलेला हा माणूस, आता स्वतःच्या घरात फळी कापायलाही परवानगी काढत होता. नुसती तिडीक जायची डोक्यात! एकदा, निदान एकदा तरी, आपल्या मनाने सुरू करावं आणि आपल्या मनाने थांबावं, एवढंच मागणं होतं बिचाऱ्याचं.

मग सुरू झाली वणवण. भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात बिडाचं भलंथोरलं सेकंडहँड मशीन मिळालं. हरिश्चंद्रांनी त्यावरून हात फिरवला, जीव जडला, आणि मग कळलं की त्याला थ्री-फेज, म्हणजे कारखान्याची वीज लागते. सोसायटीच्या सेक्रेटरीने ते ऐकून हातच जोडले. लोहार चाळीतल्या दुकानात दुसरं दिसलं, देखणं, चकचकीत. अंगठ्याने दाबलं तर टेबल वाकलं! दुकानदार म्हणतो, "साब, लकड़ी काटनी है, उस पे सोना थोड़ी है?" तिसरीकडे मशीन झकास, पण बटण कुठे, तर मागच्या बाजूला, मोटारीच्याही पलीकडे. हरिश्चंद्रांनी कपाळावर हात मारून घेतला. चार रविवार असे वाया गेले. घरी आलं की गिरिजाबाई विचारायच्या, "मिळालं का?" आणि उत्तर ऐकायच्या आत 'चला, बरं झालं' असा चेहरा करायच्या.

पाचव्या रविवारी मिळालं. सिंगल फेज, जाड टेबल, पात्यावर कव्हर, आणि समोर, अगदी गुडघ्यापाशी, बशीएवढं लाल बटण. त्या दिवशी गिरिजाबाई हट्टाने बरोबर आल्या होत्या. मोटार किती ताकदीची, पातं कुठल्या मेकचं, काही विचारलं नाही. एकच विचारलं, "बंद कुठून होतं?"

"भाभी, ये देखो. हाथ न पहुँचे तो घुटना मारो, बंद!"

बाईंनी ते चारदा दाबून बघितलं.

"मग आता माझं काम संपलं म्हणायचं," रिक्षात त्या म्हणाल्या.

"संपलं!" हरिश्चंद्र म्हणाले. इतका आनंद त्यांच्या आवाजात बऱ्याच वर्षांत कुणी ऐकला नव्हता. 

मशीन आत आणायला मुर्धा गावचा जानू आला. होड्या दुरुस्त करण्यात त्याची हयात गेलेली, हरिश्चंद्रांचा जुना दोस्त. त्याने मशीन खालून-वरून पाहिलं. "भाऊ, मशीन झ्याक हाय. पन तुमच्या हाताला त्याची सवय न्हाय. चार दिस वैनीला जवल बसवा."

झालं! हाही बायकोच्याच बाजूचा. हरिश्चंद्रांनी त्याच्यादेखतच स्टूल उचललं आणि माळ्यावर टाकलं.

दोन दिवस काय मजा केली म्हणता! हिरवं बटण दाबायचे, पट्टी कापायचे, ती संपली की सावकाश लाल दाबायचे, मधूनच शीळ घालायचे. 'अहो' म्हणायला कुणी नाही. फक्त जेवणाचं काहीतरी बिनसलं होतं. चपात्या काळ्या, वरणाला बुडाचा वास.

"आता तर मोकळी असतेस," ते ताटावर करवादले, "तरी करपतंच कसं सगळं?"

बाईंनी दुसरी चपाती वाढली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या दाराची सागवानी फळी घेतली. पुरुषभर लांब, मधोमध जरा वाकलेली. कव्हरमुळे रेघ दिसेना, म्हणून ते काढून ठेवलं. अर्धी फळी गेली छान. मग चिरलेल्या दोन्ही बाजू एकमेकींकडे ओढल्या गेल्या आणि त्यांच्या चिमटीत पातं अडकलं. मोटार गुरगुरायला लागली. फळी थरथरत वर उठायला लागली, सरळ त्यांच्या पोटाच्या रोखाने. हरिश्चंद्रांनी दोन्ही हातांनी तिला दाबून धरलं आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "बंद! बंद!"

लाल बटण गुडघ्याला टेकलेलं होतं. पण वर्षभर ज्याने 'बंद' म्हणायचं तेवढं केलं, त्याचा गुडघा कुठला हलायला! ते वाट बघत उभे राहिले. आणि मशीन थांबलं.

पातं फिरत फिरत गप्प झालं. हरिश्चंद्रांनी एकेक करून बोटं मोजली. नऊ आणि एक अर्धं, होती तेवढी सगळी. लाइट गेली म्हणायची! आयुष्यभर लोडशेडिंगला शिव्या घातल्या, आज त्यालाच हात जोडले त्यांनी.  मग लक्षात आलं, की शेजारच्या नीलमकडे टीव्ही ठणाणा चालू आहे. वरच्या मजल्यावर मिक्सर फिरतोय.

ते आत गेले. बाहेरच्या दाराजवळ, मेन स्विचखाली, गिरिजाबाई उभ्या होत्या. खटका खाली ओढलेला, त्यावरचा हात अजून तसाच, आणि हाताला कणीक.

"इथे काय करतेस?"

"ऐकत होते."

"तीन दिवस?"

"मशीन चालू असेल तेवढा वेळ."

गॅसवर तवा होता. त्यावर चपातीचा कोळसा झालेला.

हरिश्चंद्र भडकले. भडकायलाच हवं होतं, दुसरं करणार काय? "मग सांगायचं नाही? चोरासारखं उभं राहायचं? बटण होतं ना माझ्या गुडघ्याशी!"

"मग दाबलंत का?"

  हरिश्चंद्रांनी गॅस बंद केला. शिडी आणली, माळ्यावरून स्टूल काढलं, पंच्याने पुसलं आणि मेन स्विचखाली ठेवलं.

"उभं राहून पाय दुखतात," ते भिंतीकडे बघत म्हणाले.

"आधी ते कव्हर लावा," बाई म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

हरिश्चंद्रांनी पाचर ठोकून अडकलेली फळी सोडवली. कव्हर लावलं. एक सरळशी, लहान पट्टी घेतली. बाईंनी खटका वर केला तसा पंखा फिरायला लागला. हिरवं बटण हरिश्चंद्रांच्या बोटाखाली होतं, त्यांचं स्वतःचं, विकत घेतलेलं. बोट त्यावर तसंच ठेवून त्यांनी विचारलं,

"हं?"

आतून स्टूल पुढे सरकल्याचा आवाज आला. 

"हं," गिरिजाबाई म्हणाल्या.